जासई चौकातली चावी

१

स्कूटरची सीट पहारीने उचकटली तेव्हा नंदकुमार पेडणेकर रस्त्याच्या कडेला आडवे झाले होते. सीटखालच्या डिकीत त्यांचा दम्याचा पंप होता. कुणीतरी तो त्यांच्या तोंडाशी धरून दाबला. पण औषध आत ओढून घेण्याइतका श्वास त्यांच्यात उरला नव्हता. टेम्पोत घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पेडणेकर द्रोणागिरीत राहणारे, साठी उलटलेले, नोकरीतून निवृत्त झालेले. त्या सकाळी जासईजवळच्या चौकात हेल्मेटची तपासणी चालू होती. पेडणेकरांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, म्हणून हवालदार बाबासो चौगुले यांनी त्यांना थांबवलं. ऑक्टोबरचं ऊन आणि कंटेनरच्या ट्रेलरची धूळ. पेडणेकरांना धाप लागली. ते खाली बसले आणि हाताने स्कूटरची सीट दाखवू लागले. सीट उघडायला चावी हवी. चावी स्कूटरला नव्हती आणि त्यांच्या खिशातही नव्हती.

"हवालदारानं काढली!" गर्दीतून आवाज आला.

"मी कुणाचीबी चावी काढली न्हाई," चौगुले म्हणाले.

लोकांनी त्यांना खिसे उलटे करायला लावले. खिशातून दोन चाव्या निघाल्या. त्या पेडणेकरांच्या स्कूटरला लावून पाहिल्या, दोन्ही लागल्या नाहीत. पण चौगुले खोटं बोलले होते एवढं सगळ्यांना दिसलं. मग कुणीतरी गॅरेजमधून पहार आणली.

संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ उरणपासून पनवेलपर्यंत घराघरांत पोचला. चौगुले निलंबित झाले. पेडणेकरांच्या पत्नी अरुणा यांनी लेखी तक्रार दिली. सोसायटीतले लोक चौकीसमोर येऊन बसले.

चौकशी सहायक पोलीस निरीक्षक सोनम गमरे यांच्याकडे आली. त्यांचा वाहतूक शाखेशी संबंध नव्हता, म्हणूनच त्यांना निवडलं होतं.

"चावी शोधा," वरिष्ठांनी सांगितलं. "लोक म्हणतायत, चौगुलेनं ती गर्दीत कुठेतरी टाकली. चावी मिळाली नाही तर मी त्याला फार दिवस वाचवू शकत नाही. साधं चलान नाही राहिलं हे, सदोष मनुष्यवधाची भाषा चाललीय."

"आणि त्यानंच टाकली असेल तर?"

"तर अटक करा."

२

चौगुले पोलीस वसाहतीतल्या घरी बसले होते. सांगलीकडचे, अंगाने भरलेले, नोकरीची शेवटची काही वर्षं राहिलेली. सोनम आत आल्यावर ते उठून उभे राहिले आणि बसायला सांगितलं तरी थोडा वेळ उभेच होते.

"पहिल्यांदा खोटं बोललो मॅडम, ते घाबरून बोललो," ते म्हणाले. "दोन चाव्या काढल्या होत्या. एक त्या कॉलेजातल्या बाईंची, एक पलीकडच्या गावातल्या पोराची. पेडणेकरांची न्हाई."

"चावी काढायची नाही असा आदेश आहे."

"हाय की."

"मग?"

"न्हाई काढली तर पळत्यात. अन् पळत्यात ते सरळ ट्रेलरच्या पुढनं." चौगुले आता जरा मोकळे झाले. "मॅडम, तुम्ही गुन्हे शाखेच्या. या रस्त्यावर तुम्ही उभं राहिलेला न्हाई. चाकाखालनं काढलेली पोरं मी ह्या हातानं उचलल्यात. फोटो काढून काय हुतंय? फोनवर मेसेज येतो, कोण वाचतंय? वर्षानुवर्षं दंड थकलेत लोकांचे. जरा उन्हात उभं केलं, चार लोकांत बोललं, की माणूस दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालतो. हे मी बघितलंय."

सोनमने हे मध्ये न तोडता ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं.

"पेडणेकरांना आधी कधी थांबवलं होतं?"

"न्हाई. पहिल्यांदाच बघितलं."

"त्यांचा फोटो काढला होता?"

"काढला की. आल्या आल्या, मागनं. नंबर प्लेटचा. चलान निघालं हुतं."

"म्हणजे दंड लागला होता. मग तुमचं काम संपलं होतं. जाऊ का दिलं नाही?"

चौगुलेंनी टीपॉयवरचा पाण्याचा ग्लास उगाच सरकवला.

"गाडी ढकलत आणली त्यांनी," ते म्हणाले. "इंजिन बंद. मी म्हटलं, हेल्मेट कुठाय? तर म्हणाले, मी पायी चाललोय, पायी चालणाऱ्याला हेल्मेट कशाला? मागं उभं असलेले लोक हसले. मला वाटलं, चेष्टा करत्यात माझी."

"आणि तुम्ही चावीला हात घातला."

"व्हय. गेला हात. सवयीनं गेला." त्यांनी मान वर केली. "पण मॅडम, तिथं चावी नव्हतीच. मागितली, तर कुठाय ते सांगंनात."

३

प्राध्यापिका मनस्वी ठोसर यांनी व्हिडिओ काढला होता. त्यांचीच एक चावी चौगुलेंच्या खिशात सापडली होती. उरणच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यांनी फोन सोनमच्या पुढे सरकवला.

"बघा तुम्हीच. मला वेगळं काही सांगायचं नाही."

सोनमने बघितलं. पेडणेकर स्कूटर ढकलत आले. छाती वरखाली होत होती. बोलाचाली झाली. चौगुले पुढे वाकले, त्यांचा हात चावीच्या जागी गेला आणि मूठ मिटून परत आला. कॅमेरा चौगुलेंच्या पाठीमागे असल्याने मुठीत काही होतं की नव्हतं हे कळत नव्हतं.

"यानंतर काय बोलणं झालं?"

"ट्रेलर जात होता, ऐकू आलं नाही. पण हवालदार चिडला होता. त्याने त्यांना तिथेच उभं राहायला सांगितलं."

"तुमचं हेल्मेट, मॅडम?"

मनस्वी जराशा ओशाळल्या. "पायाशी ठेवलं होतं. केस ओले होते. चूक माझीच. दंड करा, मी भरते. पण चावी काढून घेऊन मला शाळेतल्या मुलीसारखी ओळीत उभी करायची, हे काय आहे? माझं लेक्चर बुडालं. दंडाच्या वर ही शिक्षा त्यांनी स्वतःच ठरवली ना?"

व्हिडिओ पुढे चालू होता. पेडणेकर खाली बसलेले. त्यांनी आधी सीटकडे हात केला. मग तोच हात उचलून बोट समोर रोखलं. समोर चौगुले उभे होते. पेडणेकरांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. चौगुले बाजूला झाले. मग फोन हलला आणि गर्दी आडवी आली.

"हे बोट बघितलंत?" मनस्वी म्हणाल्या. "त्या माणसाला बोलता येत नव्हतं, तरी त्याने सांगितलं चावी कुणाकडे आहे. तो क्षण मी तिथे होते, गमरे मॅडम. मरताना कुणी उगाच कुणाकडे बोट दाखवतं का?"

सोनमने तो भाग पुन्हा पुन्हा बघितला. मग तो व्हिडिओ स्वतःच्या फोनवर घेतला आणि गाडी चौकाकडे घ्यायला सांगितली.

४

चौकात तपासणी बंद होती. वाहतूक मदतनीस शिवतेज एकटाच शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता. त्याने आपल्या जबाबात चौगुलेंना चावी काढताना पाहिलं असं लिहून दिलं होतं.

"तू कुठे उभा होतास?" सोनमने विचारलं.

"इथेच मॅडम. टेम्पो थांबवत होतो."

"टेम्पो कुठून येत होता?"

त्याने मागे हात केला. मग त्याच्याच लक्षात आलं की टेम्पो थांबवणाऱ्याची पाठ पेडणेकरांकडे असणार.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "बघितलं असं नाय. पण बाबासो नेहमीच काढतात ना. लोक ओरडले काढली, म्हणून आपण पण लिहून दिलं. आपल्याला लफडा नको होता मॅडम. एवढी पब्लिक होती."

"पुढे काय झालं ते सांग. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं."

"पहार आणली, सीट तोडली. पंप मारला. मग मुलाने त्यांना उचललं, त्याच टेम्पोत टाकलं आणि गेले उरणला."

"कुठला मुलगा?"

"त्यांचाच. बाबा, बाबा करत होता. टाय वगैरे लावलेला."

सोनमने हे मनात ठेवलं आणि वळणाकडे चालू लागली. चौकाच्या जरा अलीकडे रस्ता वळतो. तिथे ट्रेलर उभे असतात, त्यामुळे वळण ओलांडल्याशिवाय पोलीस दिसत नाहीत. वळणावरच्या झाडाखाली वेणूबाई सुकी मासळी घेऊन बसली होती. जासईचीच बाई. तिचा कुणी जबाब घेतला नव्हता.

"त्यो म्हातारा ना? बगला मी," वेणूबाई म्हणाली. "त्या ट्रेलरच्या मागं गारी थांबली. मंग इंजान बंद झाला. मंग जरा येलानं गारी ढकलीत माझ्या पुढशी गेला. मी बोलले पन, बाबा, पंचर झाली का? तं हसला. दम लागलेला हाय, घाम आलाय, तरी हसला."

"ट्रेलरच्या मागे किती वेळ होता?"

"बोलत व्हता. आवाज येत व्हता मना. फोनावर आसंल."

"काय बोलत होता?"

"तां काय समजला नाय. जा, जा, आसां कायतरी. लवकर जा."

"दुसऱ्या कुणाचा आवाज?"

"मधी ट्रेलर व्हता बाय, दिसला नाय. आन मी गिऱ्हाइकाशी बोलू का त्याच्याकडं ध्यान देऊ?"

सोनम ट्रेलर उभे राहतात त्या जागेवर गेली. तिथून एक पायवाट रस्ता सोडून खाली उतरत होती आणि चौकाला वळसा घालून पलीकडे बसथांब्याजवळ वर येत होती. सोनम ती चालून आली. थांब्यावरून मागे बघितलं तर चौक दिसत होता, पण मधल्या पुलाच्या खांबामुळे कोण कुठे उभं आहे ते नीट कळत नव्हतं.

तिने फोनवर व्हिडिओ पुन्हा लावला. पेडणेकरांचं बोट. त्या बोटाच्या सरळ रेषेत आधी चौगुले होते. आणि चौगुले बाजूला झाल्यावरही बोट जागचं हललं नव्हतं.

त्या रेषेत मागे बसथांबा होता.

५

स्कूटर चौकीच्या मागच्या आवारात उभी होती. सीट वाकडी होऊन उघडी पडली होती, त्यावर प्लास्टिक बांधलं होतं. आवार सांभाळणारे शिपाई सोनमबरोबर आले.

"कुणी हात लावलाय हिला?"

"नाही मॅडम. तशीच टेम्पोवर चढवून आणली आणि तशीच उभी केली."

सोनम स्कूटरभोवती फिरली. मागे बसणाऱ्याचे पाय ठेवायचे दोन्ही फुटरेस्ट बाहेर काढलेले होते. तिने एक आत ढकलून पाहिला. घट्ट होता, हाताने जोर लावावा लागला. धक्क्याने वगैरे आपोआप उघडणारा नव्हता.

तिने चौगुलेंनी काढलेला चलानचा फोटो मागवून घेतला. पेडणेकर स्कूटर ढकलतायत, मागून नंबर प्लेट स्वच्छ दिसतेय, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुटरेस्ट बाहेर आलेले. म्हणजे चौकात यायच्या आधीपासूनच ते उघडे होते.

"डिकीत काय काय होतं?"

"गाडीचे कागद, फडकं, आणि फोन. फोन कापडी पिशवीत तळाशी होता. लोकांनी पंप तेवढा घेतला. बाकीचं आम्ही संध्याकाळी पंचांसमोर काढून सील केलं."

"फोन कुणाचा?"

"पेडणेकरांचाच. बंद पडलाय आता, चार्जिंग संपलं."

सोनम आवारातल्या बाकावर बसली. वेणूबाईला ऐकू आलेलं बोलणं फोनवरचं असू शकत नव्हतं. फोन डिकीत होता. बोलून झाल्यावर तो ठेवायला डिकी उघडली असती, तर दम लागलेल्या माणसाने आधी पंप काढून घेतला असता.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली. तिने स्वानंद पेडणेकरचा जबाब काढला. नंदकुमार आणि अरुणा यांचा एकुलता मुलगा, बेलापूरला एका कंपनीत अधिकारी. त्याने लिहून दिलं होतं की, आपण ऑफिसात होतो, बाबांच्या फोनवरून कुणीतरी कळवलं आणि आपण तिकडे धावलो.

बाबांचा फोन तेव्हा कुलूपबंद डिकीत होता. आणि सीट तुटली तेव्हा स्वानंद चौकात हजर होता.

६

द्रोणागिरीतल्या त्या फ्लॅटमध्ये भेटायला येणाऱ्यांची गर्दी आता ओसरली होती. अरुणाताईंनी दार उघडलं. दाराशेजारच्या खुंटीवर राखाडी हेल्मेट लटकत होतं. सोनमने तिकडे पाहिलेलं त्यांच्या लक्षात आलं.

"तेच कळत नाही मला," त्या म्हणाल्या. "खाली दूध आणायला जायचे तरी घालून जायचे. मी चेष्टा करायची. त्या दिवशी कसं विसरले कोण जाणे. मी घरी नव्हते, बहिणीकडे उलव्याला गेले होते आदल्या दिवशीच."

"काकू, तुम्ही स्कूटरवर मागे बसायचात?"

"छे. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून नाही. ते एकटेच फिरायचे. मागचे ते पायाचे असतात ना, तेसुद्धा आत घालून ठेवायचे. कुणाच्या पायाला लागायला नकोत म्हणून. फार व्यवस्थित माणूस होता."

स्वानंद आतून आला. तिशीतला, डोळे खोल गेलेले. तो आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. "चावी मिळाली का मॅडम?"

"अजून नाही. बसा तुम्ही," सोनम म्हणाली. "मला जे समजलंय ते सांगते. कुठे चुकलं तर मला थांबवा."

तो बसला.

"व्यवस्थित माणूस हेल्मेट कधी विसरतो? घाईत असला तर. पण तुमचे वडील निवृत्त होते, त्यांना सकाळी कसली घाई? म्हणजे घाई दुसऱ्याची होती. स्कूटरचे मागचे फुटरेस्ट उघडे होते, म्हणजे मागे कुणीतरी बसलं होतं. वळणावर ट्रेलरमागे ते कुणाशी तरी बोलत होते, 'लवकर जा' म्हणत होते. फोन डिकीत होता, म्हणजे तो माणूस शेजारी उभा होता. चावी तिथेच काढली गेली. कारण चौकात हवालदाराचा हात चावीपर्यंत गेला तेव्हा ती जागा रिकामी होती. चौगुले त्यांना चावी मागत होते आणि ते सांगत नव्हते. शेवटी त्यांनी बोट दाखवलं, ते सगळ्यांना हवालदाराकडे वाटलं. मला वाटतं, ते हवालदाराच्या पलीकडे दाखवत होते. बसथांब्याकडे."

अरुणाताई एकदा सोनमकडे, एकदा मुलाकडे बघत होत्या. त्यांना अजून कळलं नव्हतं.

"कोण होतं हो मागे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या वडिलांच्या फोनवरून तुम्हाला कुणीही फोन केलेला नाही, स्वानंद," सोनम म्हणाली. "तो फोन करता येण्यासारखा नव्हता. आणि बेलापूरहून इतक्या लवकर कुणी पोचत नाही."

स्वानंद उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत चावी होती. ती त्याने टीपॉयवर ठेवली. अरुणाताईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"माझी कंपनीची बस चुकली होती," स्वानंद म्हणाला. "दुसरी बस जासईच्या थांब्यावर मिळते. बाबा म्हणाले, चल, सोडतो. मीच घाई केली. हेल्मेट राहिलं. वळणावर पुढचा रिक्षावाला हातवारे करून गेला की पोलीस आहेत. बाबा ट्रेलरच्या मागे थांबले आणि म्हणाले, तू पायवाटेने पुढे जा, मी गाडी ढकलत आणतो. मी म्हटलं, मी ढकलतो. तर म्हणाले, तुझे कपडे खराब होतील, आणि म्हाताऱ्याला कोण अडवतंय? मग चावी काढून माझ्या हातात दिली."

"चावी का दिली?"

"तोच चौगुले," स्वानंद म्हणाला. "उन्हाळ्यात त्याच चौकात बाबांना त्याने थांबवलं होतं. सिग्नलची पांढरी रेघ चाकाने ओलांडली म्हणून. चावी काढली आणि खिशात टाकली. बाबा कितीतरी वेळ त्याच्या मागे 'साहेब, साहेब' करत फिरत होते. घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत. आई, तुला सांगू नको म्हणाले होते. त्या दिवशी ट्रेलरमागे ते म्हणाले, या वेळी चावी मिळायची नाही त्याला. हसत होते. आणि पंप डिकीत आहे हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही."

"थांब्यावर तुम्हाला काही दिसलं नाही?"

"गर्दी दिसत होती. मला वाटलं, वाद चाललाय. मध्ये पडलो तर आम्ही दोघं होतो हे कळेल आणि दुप्पट दंड बसेल, असा मी विचार करत होतो. दंडाचा विचार करत होतो मी, मॅडम." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग बायका ओरडायला लागल्या. मी धावलो. पोचलो तेव्हा पहार सीटमध्ये घुसलेली होती. मी खिशात हात घातला आणि तेवढ्यात सीट उघडलीच. सगळे ओरडत होते, हवालदाराने चावी काढली. चावी माझ्या हातात होती, खिशात. मी ती तशीच ठेवली."

"नंतर?"

"नंतर कधी सांगायचं? आई तक्रार लिहीत होती तेव्हा? सोसायटीतले लोक चौकीवर गेले तेव्हा?"

अरुणाताई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

७

चौगुलेंना सोनमने कार्यालयात बोलावून घेतलं. चावी सापडल्याचं ऐकून ते खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी डोळे पुसले.

"म्हटलं हुतं ना मॅडम मी."

"म्हटलं होतंत. पेडणेकरांची चावी तुम्ही काढली नाही. त्यांच्या मृत्यूचा गुन्हा तुमच्यावर लागत नाही, असं मी लिहितेय." सोनमने पेन खाली ठेवलं. "त्यांनी ती लपवली कशाला, हे विचारणार नाही का?"

"कशाला?"

"तुम्ही काढू नये म्हणून. उन्हाळ्यात तुम्ही त्यांची चावी काढली होती. पांढऱ्या रेघेसाठी."

चौगुले आठवायचा प्रयत्न करत होते हे दिसत होतं. त्यांना आठवत नव्हतं. उन्हाळाभर त्यांनी किती चाव्या काढल्या असतील, त्यातला एक म्हातारा.

"मला खरंच याद न्हाई, मॅडम," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "आमच्याकडनं हेल्मेटसाठीच चाललंय सगळं. माणसं जगावीत म्हणूनच चाललंय."

"ते मला मान्य आहे. पण त्या दिवशी फोटो निघाला तेव्हा हेल्मेटचं काम झालं होतं. त्यानंतर ते उन्हात उभे राहिले ते तुमच्या रागासाठी. दोन चाव्या काढल्या आणि विनाकारण अडवून ठेवलं, एवढ्यासाठी तुमची खातेनिहाय चौकशी होईल. निलंबन लगेच उठणार नाही."

चौगुलेंनी मान हलवली. जाताना ते दारात थांबले. "त्यांच्या घरी जाऊन आलो तर चालंल का?"

"आत्ता नको," सोनम म्हणाली.

अरुणाताई दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. बरोबर स्वानंद होता. तो बाहेरच्या बाकावर बसला. त्याचा नवा जबाब सकाळीच लिहून झाला होता. खोटा जबाब दिल्याचं त्याच्यावर काय होईल ते वरिष्ठ ठरवणार होते. अरुणाताईंनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

"घरी बोलता तुम्ही दोघं?" सोनमने हळूच विचारलं.

"जेवायला वाढते. तो जेवतो. होईल हळूहळू." त्यांनी पदर सारखा केला. "माझी तक्रार तुमच्याकडे आहे ना?"

"आहे. काकू, आता ती मागे घ्यायची असेल तर तसा अर्ज—"

"हवालदाराचं नाव काढा त्यातून. त्यांनी चावी घेतली नव्हती, मी खोटं लिहिलं, ते खोडा. पण तक्रार काढू नका."

"मग तक्रार कुणाविरुद्ध?"

"ते तुम्ही शोधा, तुम्ही पोलीस आहात," अरुणाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. एका शिट्टीला इतका घाबरला की दम्याचं शरीर घेऊन गाडी ढकलत गेला. माझा मुलगा तिकडे उभा राहून दंडाचा विचार करत होता. चौकातल्या इतक्या लोकांत एकालाही वाटलं नाही की विचारावं, यांना का उभं केलंय? सगळ्यांना ते रोजचं वाटलं. दंड घ्या. फोटो काढा, नाव लिहून घ्या, पुन्हा सापडला तर जास्त दंड घ्या, लायसन काढून घ्या. ते कागदावर असतं, माणूस त्याच्याशी भांडू शकतो. पण चौकात उभं करू नका. एवढंच लिहायचंय मला."

सोनमने कपाटातून नवे कागद काढले. नियमाने तक्रार लिहायचं काम बाहेरच्या अंमलदाराचं होतं. तिने त्याला बोलावलं नाही.

"सांगा काकू, मी लिहिते."

अरुणाताईंनी थोडा विचार केला.

"हेल्मेट घातलं नव्हतं, ही चूक त्यांची होती," त्या म्हणाल्या. "इथून सुरुवात करा."